मोरचुदाचं पाणी आणि माझी एकादशी

बायकोला मी आयुष्यात बरंच सांगितलं – तिच्या वडिलांविषयीचं माझं मतसुद्धा – पण हे नाही सांगितलं. तिलाच नाही, तर इतरांना कुठून सांगणार? तुम्हाला सांगतो. मात्र एकदम मुद्द्यावर येणं मला जमणार नाही. थोडं आजूबाजूनं येऊ द्या.

निजामाच्या अमदानीत मी अंबडला कारकून होतो. माझं उर्दू अक्षर वळणदार, वाचन बरं, आणि दोन्हींचा थोडा ताठाही. त्या सुमारास शेतीखात्यानं ज्वारीच्या काणीवर उपाय आणला होता. काणी म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते तो रोग. पेरण्याआधी बी मोरचुदाच्या – तांब्यापासून होणाऱ्या निळ्या खड्यांच्या – पाण्यात भिजवायचं, सुकवायचं, पेरायचं. उपाय गुणकारी होता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही दोष मोरचुदाला द्याल.

तो दाखवायला औरंगाबादहून एक साहेब शहागडला येणार होते. बी भिजवायला दोन पिंपं पुरतात. पण साहेब यायचे म्हणून गोदावरीच्या काठी तंबू आले, सतरंज्या आल्या, आंब्याच्या पानांची कमान आली. भाषण उर्दूत, ते मराठीत सांगायचं काम माझं. तीन पानांपैकी दोन सरकारच्या स्तुतीत गेली होती, तिसऱ्यावर मोरचूद. शेवटचं वाक्य असं – उरलेलं पाणी विषारी असतं, ते नदी-विहिरीपासून दूर खड्ड्यात ओतून बुजवावं. या वाक्याचं मराठी मला फार छान साधलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही तालीम केली. दोन पिंपं निळंशार पाणी झालं. ज्येष्ठ चालू होता, नदी आटून डोहांपुरती उरली होती. संध्याकाळी गडी निघून गेले आणि मी, पिंपं आणि एक कुदळ एवढेच राहिलो. जमीन दगडासारखी. शिवाय मला घाई होती – कशाची म्हणता?

लिंबाजी भोयाच्या माशांची.

आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असे. आणि मी कामानिमित्त शहागडला आलो की लिंबाजीच्या खोपटामागे बसून तळलेली मरळ खात असे. हे त्याला आणि त्याच्या बायकोला, गयाबाईला, ठाऊक होतं; तिसऱ्या कुणाला नाही. मी खाताना तो राखण करी आणि म्हणे, "काटा जपून, मुन्शीजी. घशात अडकला तर वैद्याला काय सांगताल?"

तर – मी पिंपं डोहात उलटी केली. पाणी क्षणभर मोराच्या मानेसारखं झालं, मग पहिल्यासारखं. एवढी मोठी गोदावरी, तिला दोन पिंपांचं काय, असं मनाशी म्हणालो. पण ती गोदावरी कुठे होती? तो एक डोह होता, आणि ‘प्रवाह बंद आहे’ असं त्याच आठवड्यात मीच कागदावर लिहिलं होतं. मग जाऊन पोटभर मरळ खाल्ली. ती सकाळी धरलेली होती, उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी दोन टोपल्या भरून मासे घेऊन हसत आला.

"साहेबाचा पायगुण बघा, मुन्शीजी! मासे आपून होऊन वर येऊन राह्यले. तोंड वासून. जाळं टाकायचंबी काम न्हाई."

मला तिथंच कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही – तिथंच, टोपलीकडे बघताक्षणी. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते माझ्या खिशात दोन भाषांत तयार होतं. पण बोललो असतो तर पिंपं कुणी ओतली हा प्रश्न आलाच असता. मी कमानीची पानं सारखी करत राहिलो.

आचाऱ्यानं मासे डोहाच्याच पाण्यात धुतले, त्याच पाण्यात रस्सा केला. साहेबांचं भाषण झालं. विषारी पाण्याचं वाक्य मी मोठ्या आवाजात सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. पंगत बसली. माझी भाजीभाकरी अर्थातच वेगळी.

तेवढ्यात लिंबाजीनं मला तंबूच्या मागं बोलावलं. माझ्यासाठी त्यानं पानात दोन तुकडे राखले होते. "गरम हायेत," तो म्हणाला.

मी म्हणालो, "आज माझी एकादशी आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बराबर," म्हणाला, आणि पान घेऊन गेला. ते तुकडे त्यानं आणि गयाबाईनं खाल्ले. मी त्याला थांबवलं नाही – हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुढचा भाग मात्र बघण्यासारखा होता. दुपारपर्यंत सगळा लवाजमा आडवा. साहेब त्यांच्याच स्वागताच्या कमानीला धरून ओकत होते, आणि चोपदार त्यांना अदबीनं पाठ न दाखवता मागं मागं सरकत झाडीकडे पळत होता. रस्सा कळकला होता, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. जिभेवर तांब्याची चव, म्हणजे भांड्यांना कल्हई नसणार. आचारी चिडला. त्यानं पातेलं आणून साहेबांपुढे धरलं, "तोंड बघा हुजूर, आठ दिवस न्हाई झाले कल्हईला!" साहेबांनी त्यात आपलं तोंड बघितलं आणि पुन्हा झाडीकडे गेले.

मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. गेळफळ ठेचून साचलेल्या पाण्यात टाकलं की मासे गुंगतात, आणि वैद्य तेच फळ ओकारीसाठी देतात, हे मला माहीत होतं. दोन्ही खुणा जुळत होत्या. मी एवढंच म्हणालो, "हुजूर, गेळफळ तर नसेल?" विचारलं फक्त. आरोप नाही केला. हा फरक मला तेव्हा केवढा मोठा वाटला!

लिंबाजीला आणलं तेव्हा तो स्वतःच पोट धरून होता. म्हणाला, "म्या बी खाल्लं, मह्या बायकोनं बी खाल्लं. घालणारा खाईल का, सायेब?"

अहवाल माझ्या हातचा. हे वाक्य मी त्यात घेतलं नाही.

आणखी एक वाक्य तो बोलू शकला असता – मुन्शीजी मासे खातात, कालच खाल्ले, आज का न्हाई खाल्ले ते इचारा. मी बोरू धरून त्याची वाट बघत होतो. लिंबाजीनं माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. माझी जात त्यानं राखली.

मेलं कुणी नाही. साहेब दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसले. काणी पुढं खरंच कमी झाली. ‘कारण तत्परतेनं शोधल्याबद्दल’ मला शाबासकीचा कागद मिळाला. लिंबाजीची जाळी जप्त झाली आणि शहागडच्या डोहांवर त्याला कायमची मनाई झाली.

त्यानं बाजारात फुटाण्यांची भट्टी घातली. मी दिसलो की हाक मारी, "या मुन्शीजी! आज एकादशी तर न्हाई ना?" आणि मोठ्यानं हसून गरम फुटाणे माझ्या ओंजळीत ओती. गिऱ्हाइकं हसत, सोवळ्या मुन्शीची गंमत चाललीय असं त्यांना वाटे. मीही हसे. फुटाणे चांगले असत.

मासे विकणाऱ्याला एकादशी भटजीच्या आधी कळते. त्या दिवशी टोपली भरलेली परत येते. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. साहेब गेले, मनाई करणारे गेले, मी ज्याला भ्यावं असं कुणी उरलं नाही. लिंबाजी तेव्हा होता. मी तोवर जालन्याला राहायला गेलो होतो; तिथून मुद्दाम शहागडला गेलो, भट्टीपाशी बसलो, ओंजळभर फुटाणे खाल्ले आणि जालन्याला परत आलो.

साहेबांच्या पंगतीच्या त्या दिवशी षष्ठी होती.