येऊरच्या तळ्यावरचे रविवार

माणसं तीच, वाट तीच आणि वारही तोच असला की किस्से आपोआप साठत जातात. मुद्दाम कुणी साठवत नाही. मग एकेक माणूस कमी होतं आणि एक दिवस लक्षात येतं, की हे सगळं आता आपल्या एकट्याकडेच उरलंय. माझं तसं झालंय, म्हणून सांगतो.

आम्ही तिघं ठाण्याचे. मी शाळामास्तर, दुसरे बापू वैद्य आणि तिसरे अण्णा, सरकारी कचेरीतले कारकून. येऊरच्या डोंगराखाली रानात एक तळं होतं. रविवारी उजाडता निघायचं, तळ्याभोवती हिंडायचं, जनावरं बघायची आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. गावात लोक म्हणत, "शिकारीला जाणारे पुष्कळ पाहिले, नुसते बघायला जाणारे हे तिघंच."

* * *

सुरुवात झाली ती अण्णांमुळे. त्यांची बायको पटकीनं गेली. सकाळी ओसरीवर रांगोळी काढली आणि दिवेलागणीला संपलं. त्यानंतर अण्णा बोलेनासे झाले. कचेरीत जायचे, परत यायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. बापूंनी नाडी बघितली आणि म्हणाले, "याला माझ्याकडे औषध नाही. याला चालवा."

म्हणून पहिल्यांदा तळ्यावर गेलो. तिथे काठाला वारल्यांचा पाडा होता. त्यातला लाडक्या नावाचा माणूस आमच्या वाटेत येऊन उभा राहिला. वयानं आमच्याएवढाच. तो लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचा.

"पायातलं काढ," तो अण्णांना म्हणाला. "त्याला ऐकू येतं."

"कुणाला?" अण्णांनी विचारलं.

"ज्याला बघाया आलास त्याला."

अण्णांनी मुकाट्यानं वहाणा काढल्या. चार महिन्यांत त्यांनी कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

* * *

बापूंच्या पगडीचा किस्सा त्यानंतरचा. झाडाखाली दशम्या सोडून बसलो होतो. वरून एक वानर उतरलं. दशमीला त्यानं हातही लावला नाही, बापूंची पगडी उचलली आणि शेंड्यावर जाऊन बसलं. बापूंनी विनवण्या केल्या, दशमी दाखवली. वानरानं पगडीचा पीळ उलगडायला घेतला.

शेवटी बापूंना उघड्या डोक्यानं ठाण्यात शिरावं लागलं. तेव्हा उघड्या डोक्यानं रस्त्यानं कोण चालायचं? ज्याच्या घरी कुणी गेलंय तो. पहिल्याच आळीत एक म्हातारी उठून उभी राहिली. पुढे दोघं पुरुष खांद्यावर पंचे टाकून आमच्या मागून चालू लागले. बापूंच्या दारात पोचेपर्यंत बारा माणसं झाली होती, आणि आत त्यांच्या आईनं हंबरडा फोडला.

"कोण गेलं रे बापू?"

"आई, पगडी गेली."

अण्णा ओट्यावर बसून हसू लागले. हसता हसता रडू लागले. बापूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "जा आता घरी. इथे एकाचं काम झालंय."

* * *

त्याच वानराच्या टोळीतली एक मादी पुढे आम्हाला दिसली. तिचं पिल्लू मेलेलं होतं, पण ती ते छातीशी धरून फांद्यांवरून हिंडत होती. पुढच्या रविवारीही तसंच. पिल्लू वाळून चामड्यासारखं झालेलं.

अण्णा खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "लाडक्या, हिला कळत नाही का?"

"कळतं. हाताला कळलं नाय अजून. हाताला कळंल तवा टाकंल."

त्या आठवड्यात अण्णांनी ट्रंक उघडून वहिनींची लुगडी बाहेर काढली आणि वाटून टाकली. एक ठेवलं.

* * *

एकदा एक साहेब वाघ मारायला आला. लाडक्याला वाट दाखवायला धरून नेलं. तीन दिवस त्यानं साहेबाला डोंगर चढवला, उतरवला. वाघाचं शेपूटही दिसलं नाही. चौथ्या दिवशी रविवारी आम्ही गेलो तर तळ्याच्या चिखलात वाघाच्या पंजांचे ताजे ठसे.

मी म्हटलं, "लाडक्या, वाघ तर इथेच होता."

"इथंच व्हता."

"मग साहेबाला का नाही सांगितलंस?"

"त्यानं मारायचं कुठं ते विचारलं. वाघ ऱ्हातो कुठं ते नाय विचारलं."

* * *

पुढे ते रान सरकारनं राखीव केलं. पाडा उठवायचा हुकूम निघाला. अण्णांचं अक्षर कचेरीत सगळ्यांत चांगलं, म्हणून हुकुमाची नक्कल त्यांच्याकडे आली. ती त्यांनी लिहिली. मग रजा घेऊन एकटेच तळ्यावर गेले. बुधवारी. इतक्या वर्षांत रविवार सोडून ते तिथे गेलेले एवढं एकदाच.

"मी लिहिलाय तो कागद," ते लाडक्याला म्हणाले.

लाडक्या कुडाला माती लिंपत होता. "तू नसता लिवला तर?"

"दुसऱ्यानं लिहिला असता."

"मग तूच बरा," लाडक्या म्हणाला आणि अर्धा लिंपलेला कूड तसाच ठेवून हात धुवायला गेला.

आम्हा तिघांना रानात जायचे पास मिळाले. लाडक्याला मिळाला नाही.

* * *

तो बायकोला घेऊन बाळकुमच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला लागला. आम्ही भेटायला जायचो. मिठानं त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या. लांबवर पांढरं सपाट मीठ, झाड एकही नाही.

बापूंनी पायाला लावायला मलम दिलं आणि उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "इथून लांबपर्यंत दिसतं हो."

"दिसतं," लाडक्या म्हणाला. "बघाया काय नाय."

दुसऱ्या पावसाळ्यात तो तापानं गेला.

* * *

आता शेवटचा. बापूही तोवर गेले होते.

लाडक्याची बायको सोमी एका रविवारी अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला तळ्यावर ने. रानाला सांगायचं ऱ्हायलंय. एकलीला सोडत नाय."

आम्ही निघालो. रानाच्या तोंडाशी नवा राखणदार होता. त्यानं आमचे पास बघितले आणि सोमीकडे बोट केलं. "ही कोण?"

जन्मात कधी खोटं न बोललेले अण्णा म्हणाले, "माझी बहीण."

राखणदारानं अण्णांच्या पगडीकडे पाहिलं. सोमीच्या गुडघ्यावरच्या लुगड्याकडे पाहिलं. पुन्हा अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नजर खाली केली नाही. तो बाजूला झाला.

तळ्याच्या काठी सोमी पाण्यात उतरली आणि तोंड वर करून तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात, तेही लाजत. ती मोकळ्या गळ्यानं ओरडली, "लाडक्या." तीनदा.

पलीकडच्या काठाला एक सांबर पाणी पीत होतं. माणसाचा आवाज ऐकून ते पळायला हवं होतं. त्यानं मान वर केली, सोमीकडे बघितलं आणि तसंच उभं राहिलं. सोमीही उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हललो नाही.

मग सांबर वळून सावकाश रानात गेलं. सोमी पाण्यातून बाहेर आली, ओचा पिळला आणि अण्णांना म्हणाली, "चल दादा. सांगून झालं."