रिव्हर्सचं गाणं

मोठ्या गाड्यांनी मागे येताना गाणं का वाजवावं, हे मला अजून कळलेलं नाही. साधा कर्कश भोंगा असता तर माणूस दचकून बाजूला तरी झाला असता. गाणं ऐकून कोण दचकतं? आमच्या आईच्या बाबतीत तर या गाण्याने सगळं उलटंच करून ठेवलं आहे. आधी मला त्याचं हसू यायचं, मग राग यायचा. आता नुसती दमले आहे.

बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी बरीच वर्षं ठाण्याच्या पुढे, दिव्याला राहत होतो. आमची गल्ली पुढे बंद होती. एका बाजूला उघडा नाला, दुसऱ्या बाजूला लावलेल्या बाइक. नळाला पाणी आलं तर आलं, बाकी सगळी भिस्त टँकरवर. आत वळायला जागा नाही, म्हणून टँकर मेन रोडवरूनच उलटा घ्यावा लागे. ड्रायव्हर एकटा. मागे बघायला माणूस असायला हवा, पण ते काम अख्ख्या गल्लीने आपणहून अंगावर घेतलं होतं. ‘आने दे, आने दे’, ‘लेफ्ट काट’, ‘अरे बस, बस’ असं सगळे एकदम ओरडायचे आणि जो तो टँकरच्या पत्र्यावर थापा मारायचा. त्यातली ‘ये’ म्हणणारी थाप कुठली आणि ‘थांब’ म्हणणारी कुठली, हे त्या ड्रायव्हरला कसं कळत असेल देव जाणे.

पाण्याचा पाइप टँकरच्या मागच्या बाजूला, म्हणजे नंबरही तिथूनच सुरू. टँकर थांबेल तिथे ज्याचा ड्रम सगळ्यात जवळ, त्याला पहिलं पाणी. शेवटच्याला तळाचं गढूळ, नाहीतर तेही नाही. त्यामुळे टँकर थांबायची वाट बघत बसणारा वेडाच ठरायचा. कोपऱ्यावर गाणं वाजलं रे वाजलं की धडाधड दारं उघडायची आणि माणसं ड्रम, कळशा, बादल्या घेऊन टँकर ज्या वाटेने मागे येतोय, नेमकी त्याच वाटेवर जाऊन उभी राहायची. बाजूला व्हा म्हणून लावलेलं गाणं, आणि आम्ही त्याच्याकडे धावायचो.

आई यात सगळ्यांच्या पुढे. एरवी गुडघ्यांच्या नावाने कुरकुरणारी बाई गाणं ऐकलं की जिना असा उतरायची की बघत राहावं. “अगं, आधी थांबू दे की त्याला,” मी म्हणायचे.

“तू जा ऑफिसला. पाणी काय तुझ्या कॉम्प्युटरमधून येणारे?”

संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुवायला मलाही तेच पाणी लागायचं.

एके दिवशी व्हायचं ते झालंच. आईने ड्रम पुढे सरकवला आणि टँकर मागे येतच राहिला. ड्रम भिंतीपर्यंत रेटला गेला, आई मध्ये. लोक जिवाच्या आकांताने पत्रा बडवत होते, आणि ड्रायव्हरला वाटलं, रोजच्यासारखं ‘ये’ म्हणतायत. समोरच्या काकूंनी पदराला धरून आईला ओढलं म्हणून ती वाचली. ड्रम फुटला. मी वर खिडकीत तोंडात ब्रश धरून उभी होते, मला धड ओरडताही आलं नाही. आई संध्याकाळपर्यंत ड्रमसाठी हळहळत होती. “चांगला जाड होता गं, आता असे मिळत नाहीत.”

मग गल्लीची मीटिंग भरली. चुन्याची रेघ मारायची, टँकर थांबेपर्यंत रेघेपलीकडे कोणी जायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच टँकरला एकीने ड्रम बरोबर रेघेवर ठेवला, दुसरीने त्याच्या जरा पुढे, आणि थोड्या वेळाने रेघ सगळ्यांच्या मागे राहिली. मग आम्ही टँकरमालकाकडे गेलो. माणूस सरळ. “ताई, हॉर्न बारीक पडतो. मोठा लावून देतो,” तो म्हणाला आणि दिलेला शब्द पाळला. त्या मोठ्या हॉर्नमुळे पलीकडच्या गल्लीतलेही ड्रम घेऊन यायला लागले. मी हात टेकले.

शेवटी घरच बदललं. डोंबिवलीला आलो, शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. घर लहान, पण नळाला पाणी. पहिल्या दिवशी आई नळ सोडून नुसती धारेखाली हात धरून उभी होती. मला वाटलं, सुटलो.

पण समोर लाद्यांचं गोडाऊन आहे. त्याचे ट्रेलर भर रस्त्यात आडवे होतात आणि उलटे आत शिरतात. बस खोळंबतात, रिक्षावाले शिव्या घालतात, स्कूटरवाले ट्रेलर आणखी मागे सरकायच्या आत त्याच्या मागच्या फटीतून सुळकन निघून जातात. हे मी रोज बघते. आणि वाजतं काय, तर तेच गाणं. ट्रकवाल्यांना दुसरं गाणं मिळत नाही बहुतेक.

इथे ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा आई जेवणावरून उठली होती. “अगं, नळाला आहे पाणी,” मी म्हटलं. ती ओशाळून हसली आणि परत पानावर बसली. हल्ली ती विसरते. चष्मा विसरते, गॅस विसरते, बाबा गेले हेही एकदा विसरली. घरात नळ आहे हे विसरते. गाणं तेवढं विसरत नाही. ते वाजलं की मी हातातलं काम टाकून आधी आई कुठे आहे ते बघते. बाहेर जाताना शेजारच्या वहिनींना बसवून जाते. सतत कान बाहेर लावून बसायचा आता वीट आला आहे मला.

गेल्या रविवारी भाजी घेऊन परतत होते. वहिनी कुकर बंद करायला क्षणभर त्यांच्या घरात गेल्या असतील. रस्त्यात ट्रेलर आडवा होता, गाणं चालू होतं आणि त्याच्या बरोबर मागे, हातात बादली घेऊन, आई उभी होती. नंबर लावून. शांत.

मी ओरडले ते त्या गाण्यात कुठल्या कुठे गेलं. पिशवी टाकून धावले आणि ट्रेलरचा पत्रा दोन्ही हातांनी बडवला. बडवतानाच आठवलं, दिव्याला याचा अर्थ ड्रायव्हरने ‘ये’ असा घेतला होता. पण हा थांबला. आईच्या बादलीला जेमतेम टेकून थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. तोही घाबरून पांढराफटक पडला होता. “माताजी, इतना जोर से बज रहा है, सुनाई नहीं देता क्या?”

“सुनाई दिया ना,” आई म्हणाली, “म्हणून तर आले.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी आईची रिकामी बादली घेतली, तिचा हात धरला आणि आमच्या फाटकाकडे निघाले. मागे ट्रेलर हलला, गाणं पुन्हा सुरू झालं. आईचा हात लगेच तिकडे ओढ घ्यायला लागला, आणि त्याला एवढा जोर होता की मला थांबून पाय रोवून उभं राहावं लागलं.