सरांचा रोगी

सक्करदऱ्याच्या आमच्या सरांनी जितक्या रोग्यांचे प्राण वाचवले, तितके धंतोलीतल्या साऱ्या डॉक्टरांनी मिळूनही वाचवले नसतील. सर डॉक्टर नाहीत. गेली चाळीस वर्षं ते ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घेतात. पूर्ण भूतकाळ शिकवताना अख्खी दुनिया एकच वाक्य घोकवते, ‘डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.’ सरांच्या ओसरीवर मात्र डॉक्टर येईपर्यंत रोगी खडखडीत बरा झालेला असायचा. कधी संत्री सोलत बसलेला, कधी तर सासुरवाडीला निघून गेलेला. ‘मग डॉक्टर कायले आले, सर?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘चहा प्याले आले गा! माणसानं माणसाकडे येऊ नये काय?’ गाडीचंही तेच. पुस्तकातली गाडी माणूस स्टेशनवर पोचण्याआधी सुटायची, सर तिला सुटूच देत नसत. त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय, याचा माझ्या डोक्यात जो घोळ झाला, तो आज पन्नाशीतही कायम आहे.

आता माझी मुलगी त्यांच्याकडेच जाते. सहामाहीत नेमकं तेच वाक्य भाषांतराला आलं आणि तिनं रोग्याला बरं करून टाकलं. मार्क गेले. दहावीचं वर्ष, म्हणून तिला घेऊन मी तावातावानं सरांकडे गेलो. ‘सर, एका रोग्यापायी पोरीचे मार्क काहून घालवून राहिले तुम्ही?’

सर चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, ‘गावाकडे माय आजारी होती. डॉक्टरले आणाले मीच गेलो होतो गा, सायकलनं, काटोलले. घेऊन आलो तं अंगणात माणसं जमली होती.’

इतकी वर्षं मी हा किस्सा चारचौघांत सांगून हशा मिळवत होतो, त्याची लाज वाटली. सरांनीच मुलीची वही ओढली. ‘पोरीचं नुकसान नको,’ म्हणत आपल्या सुरेख अक्षरात ‘द पेशंट हॅड’ इथवर लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं. मुलीनं हळूच वही आपल्याकडे घेतली.

‘राहू द्या सर, पुढचं मले येते.’