बियाण्याच्या ढोलीत लपवलेला कागद

मी चौथी शिकलो. लिव्हरचं मला जे काही कळलं, ते धानावरून कळलं.

आमच्या सानगडीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांत, धानासोबत करगा उगवतो. करगा म्हणजे जंगली धान. पान तसंच, उंची तशीच. मला जन्मभर तो ओळखता आला नाही. बुढीला, म्हणजे माझ्या बायकोला, यायचा. निंदताना ती बुडाशी बोट लावायची आणि उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फेकायची.

"अवो, चांगलं धान काहून उपटून राहिली?"

"तुमी धुऱ्यावर बसा. तुमच्यापक्षा बैलाले जास्त समजते."

करग्याची खोड अशी की त्याचे दाणे कापणीच्या आधीच गळतात. धान कापलं की बांधी साफ दिसते. पुढच्या साली तो पुन्हा हजर.

बुढीच्या लिव्हरमधली गाठ नागपूरला काढली, तेव्हा कापण्या आटोपल्या होत्या. सर्जन म्हणाले, पूर्ण निघाली. तिला घरी आणताना मी साकोलीला पेढे घेतले आणि गावात वाटले.

काढलेली गाठ तपासायला पाठवली होती. पंधरा दिवसांनी तिचा कागद आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरनं मला बसवून सांगितलं, "बाबा, गाठीचं कवच फुटलेलं नाही, कापलेले काठ साफ आहेत, बाकीचं लिव्हरही कडक झालेलं नाही. या चांगल्या गोष्टी. पण दुर्बिणीखाली बारीक रक्तनळ्यांमध्ये गाठीच्या पेशी दिसल्या."

"मंग पुन्हा होईन का?"

"होईलच असं नाही. पण असं दिसलं की परत येण्याची भीती जास्त असते. दर तीन महिन्यांनी त्यांना घेऊन या. चुकवू नका." त्यांनी कागदावर तसं लिहूनही दिलं.

मी मनात म्हटलं, दाणे गळले.

बुढीला हे सांगायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं. तीन महिन्यांनी नेतो म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून नेलंच नाही. हे मी केलं, दुसऱ्या कोणी नाही. कागद बियाण्याच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, धानाच्या खाली खुपसला. पोट चिरलेली बाई यंदा कशाला बियाण्याला हात लावते, असं वाटलं. चाळीस वर्षं संसार केला आणि तिला एवढंच ओळखलं.

पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी पेरायचे दिवस आले. मी बाहेरून आलो तर ती आंगणात सूप घेऊन बसलेली. बाजूला तो कागद, वर पाट्याचा वरवंटा ठेवलेला. कागद इंग्रजीत होता. तिनं तो गावातल्या नर्सबाईकडून वाचून आणला होता.

"हा कायचा कागद व्हय?"

"जुना हाय."

"जुना? ऑपरेशनच्या नंतरचा हाय. तीन महिन्याले बोलावलं होतं ना? सहा झाले."



"तुले भेव वाटन म्हनून..."

"वाटलं असतं त वाटलं असतं. पोट माहं हाय. बांधीत करगा दिसला त तुमी त्याच्यावर माती लोटता का?" मग सूप पाखडत म्हणाली, "आन लपवलं कुठं, त माह्या बियान्यात! चोरी कराचीही अक्कल नाई या मानसाले."

तिला हसू आलं. मला आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेलो. लिव्हरमध्ये दोन नवे डाग निघाले. मी डॉक्टरला विचारलं, तीन महिन्यांनी आणलं असतं तर? ते म्हणाले, "कदाचित उपचाराला जास्त वाव मिळाला असता. कदाचित हेच झालं असतं. सांगता येत नाही."

ते वाक्य माझ्याजवळच राहिलं आहे.

त्या साली रोवणीनंतर ती प्लास्टिकची खुर्ची टाकून धुऱ्यावर बसायची आणि मला चिखलात उतरवायची. "बुडाशी बोट लावा. रंग पाहा. आता पान चोळा. खरबड लागते का? नाई? मंग कायले उपटलं?" रोज शिव्या खायचो. नवं धान घरात आलं, तिनं पुढच्या सालचं बियाणं निवडून ढोलीत भरलं, आणि थंडीत गेली.

यंदा ते बियाणं मी पेरलं आणि एकट्यानं निंदलं. जिथं शंका आली तिथं उपटलं, थांबलो नाही. त्यात चांगलं धानही गेलं असेल. जाऊ द्या.