दोन खोल्यांमधला निरोप्या

मास्तर नाटकं लिहायला कुठे शिकले, असं कुणी विचारलं की ते हसून विषय बदलत. खरं तर ते शिकले आईवडिलांच्या अबोल्यात. वडील बाहेरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचे, आई आत स्वयंपाक करायची, आणि अकरा वर्षं दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. देवानं जिभा दोघांनाही दिल्या होत्या. चालायची मात्र पोराची.

"तिला सांग, भाजी खारट झालीय," वडील म्हणत.

पोरगं आत जाऊन विचारी, "आई, बाबा विचारतात, तुला बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे म्हणावं. कुजकं बोलायची यांची खोड काही जात नाही."

पोरगं बाहेर येई. "आई म्हणते, उद्या मीठ बेतानं घालते."

आगीत तेल ओतणारे दोघं, विझवणारा एकटा. विझवता विझवता पोरगं दोघांच्याही तोंडचं बोलायला शिकलं. वडील शेवटच्या दुखण्यात पडले, तेव्हाही आई उशाशी बसून मुलालाच म्हणाली, "विचार, पाणी हवंय का?"

मोठेपणी मास्तर छापखान्यात प्रुफं तपासत आणि सुट्टीला नाटकं लिहीत. संवाद असे, की लोक नाट्यगृह डोक्यावर घेत. पण त्यांच्या नाटकात नवरा-बायको समोरासमोर कधी बोलत नसत. मधे दीर, शेजारीण, कुणीतरी लागायचंच. नव्या नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक वैतागला.

"अहो मास्तर, तिसऱ्या अंकात त्या दोघांना एकदा तरी एकटं सोडा! की जन्मभर मधे मोलकरीण उभी करणार?"

"सोमवारी देतो," मास्तर म्हणाले. असे चार सोमवार गेले. कागद कोराच.

त्यात घरातही बिनसलं. बायको आपल्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांबद्दल एकदा काकुळतीनं म्हणाली होती, "ते सुटले तर बरं, असं मनात येतं आणि माझीच मला लाज वाटते." हेच वाक्य मास्तरांच्या आधीच्या नाटकाच्या प्रयोगात तिला नटीच्या तोंडून ऐकू आलं. शेजारी तिच्या दोन्ही बहिणी बसल्या होत्या. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं.

सतराव्या दिवशी दुपारी नऊ वर्षांची मुलगी टेबलाशी आली. "बाबा, आई म्हणते, जेवायला चला."

"सांग तिला, असल्या मुक्या घरात घास उतरत नाही."

मुलगी आत गेली. "आई, बाबांचं लिहिणं संपत आलंय. तू थांबू नकोस म्हणाले, तुला भूक लागली असेल."

मास्तरांचा हात थांबला. वाक्य उत्तम होतं. मऊ, बेतलेलं, कुठे शिवण दिसत नव्हती. एरवी त्यांनी पोरीची पाठ थोपटली असती. आता लेखणी खाली ठेवली.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. मुलगी लगबगीनं आडवी आली. "बाबा, मी सांगते ना!"

"नको, राजा. आज मी सांगतो."

आणि जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना.

"ते... तुझं बोलणं मी घेतलं. विचारलं नाही. म्हणजे... चुकलं."

"छान वाटलं म्हणून घेतलंत?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. नंतर."

"नंतर म्हणजे टाळ्या वाजून झाल्यावर."

"हो. पुढच्या प्रयोगात ते नसेल."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि हे आत्ताचं? हे उद्या दिग्दर्शकाच्या हातात द्याल. त्याला तर हवंच आहे."

मास्तरांनाही हवं होतंच. चार आठवडे ते नेमकं हेच शोधत होते.

"नाही देणार," ते म्हणाले.

"बघू," ती म्हणाली, आणि ताट पुढे सरकवलं.

नाटक रंगभूमीवर आलं ते मोलकरणीसकट. दिग्दर्शक महिनाभर फुरंगटून होता. वर्तमानपत्रात छापून आलं, नाटक बांधेसूद आहे, शेवट मात्र लंगडा. बायकोनं ते मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"खरंय की हो," ती म्हणाली. "लंगडाच आहे."

"आहे," मास्तर म्हणाले.