धवल्यातला पाण्याचा घोट

भारतीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाली. न्यूमोनिया झाला म्हणून जाऊबाई इस्पितळात होत्या, तरी त्या घरी येणार याची मला खात्रीच होती. इतकी दुखणी अंगावर घेऊन हिंडलेली बाई अशी खोकल्याचं निमित्त करून जाते म्हणजे काय! मला रडू नंतर आलं, आधी रागच आला.

विचुंब्यातली आमची शेतं गेली, इमारती आल्या, पण हळदीला धवलारीण अजून लागतेच. लग्नाचे विधी गाऊन पुढे नेणारी बाई ती धवलारीण, तिचं गाणं म्हणजे धवला. आणि आमच्याकडे धवलारीण म्हणजे माझी थोरली जाऊ, यमुना. आवाज असा खणखणीत की डीजेवाला आपणहून बटण बंद करायचा.

चाळिशीच्या आतच त्यांचं सगळं बिनसलं. आधी थायरॉईड निघाला. मग पाळी गेली, बोटं सुजायला लागली, डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि दुपारी उठवेना असा थकवा. पनवेलच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, मुंबईचे म्हणाले ल्युपस असू शकेल, तिसऱ्यांनी शोग्रेन नावाचं वेगळंच दुखणं काढलं... शरीर आपल्या आपल्यातच भांडतंय, एवढ्यावर मात्र तिघांचं एकमत. रिपोर्ट दर वेळी काठावर. स्टेरॉइडने चेहरा फुगला तर बायका म्हणाल्या, तब्येत सुधारली हो! मी त्यांच्यावर खेकसायचे, जाऊबाई हसायच्या. एकदा डॉक्टरांनाच म्हणाल्या, "सायेब, बारसं कराल तवा करा. पोर तर घरान हाय ना, तिला आज काय भरवू ता सांगा." डॉक्टरही हसले, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून नीट बोलले.

तेव्हापासून त्यांनी नावाचा नाद सोडला. सकाळी थायरॉईडची गोळी घ्यायची, चहाची वाट बघत गॅलरीत बसायचं, आणि मूठ मिटते का ते बघून दिवस ठरवायचा. मिटली तर भाकऱ्या थापायच्या, नाही मिटली तर मला हाक, "आज तुज्या हातची भाकर गो!" कुढणं नाही, काही नाही. सुखी बाई होती हो, खोटं नाही सांगत.

मग भारतीचं लग्न ठरलं. कोरड्या तोंडाने ही बाई गाणार कशी? त्यातून धवला मध्येच तुटला तर अपशकुन, असं आमच्याकडच्या जुन्या बायका मानतात. मी म्हटलं, "शिरढोणची धवलारीण सांगू या, तुम्ही नुसत्या बसा." अशा भडकल्या! "माज्या पोरीची हळद दुसरी बाय गाईल? मंग मी काय मेली हाय?"

हळदीला त्या मांडवात बसल्या, मी मागे तांब्या घेऊन. सुरुवात अशी केली की अंगावर काटा आला. नवरीच्या कपाळाला हळद लागायची ओळ आली आणि आवाज चिरला, जीभ टाळूला चिकटली. पुढचा शब्द उचलायला मी तोंड उघडलं... त्यांनी हात वर केला. सावकाश माझ्याकडे वळल्या, तांब्यातून घोट घेतला, गिळला, आणि त्याच शब्दापासून पुन्हा गाऊ लागल्या. घाई नाही, ओशाळणं नाही. नंतर एक म्हातारी कुरकुरली तर तिला म्हणाल्या, "थांबला गो, तुटला नाय." भारती रडत हसत होती.

पुढे प्रत्येक लग्नात त्याच ओळीला घोट ठरलेला, आणि तांब्या माझ्याकडे. शेजारची रेश्मा त्यांच्याकडे शिकायला यायला लागली, तीही हे बघत होती.

परवा मागच्या गल्लीत हळद होती. सुतक फिटलं तरी मला जाववलं नाही, स्वयंपाकघरातच आवराआवर करत बसले. भोंग्यावरून रेश्माचा आवाज येत होता, कोवळा, ठणठणीत, पाण्याची काही गरज नसलेला. कपाळाच्या हळदीची ओळ आली आणि ती थांबली. घोटभरच. भोंग्यावर कुजबूजही आली नाही, सगळ्या बायका थांबल्या असणार. त्या पोरीला वाटतं, धवला असाच असतो...

मग त्याच शब्दापासून गाणं पुढे निघालं. मी भानावर आले तेव्हा दारात उभी होते, हातात भरलेला तांब्या घेऊन.