स्तोत्रपुस्तकाचे नवे वेष्टन

सकाळचे ऊन देवघरात आले, की माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकाचे गुळगुळीत वेष्टन उजळते. त्यावर लांब उडी घेणारी एक मुलगी आहे. पाय पुढे झेपावलेले, केस मागे उधळलेले, खाली वाळू आणि मध्ये नुसता वारा. देवांची पापणी लवत नाही, म्हणून त्यांना अनिमिष म्हणतात. त्या दृष्टीचा एक अंश छायाचित्रकाराला लाभला असावा, कारण ती मुलगी अजून खाली आलेलीच नाही.

हे वेष्टन मात्र माझ्या चुकीने चढले. रद्दीतले समजून मी सूनबाईच्या क्रीडामासिकाचे मुखपृष्ठ काढले आणि खळ लावून पुस्तकाला घट्ट चिकटवले.

"अहो बाबा, सारं कपाट उपसलं मी!" सूनबाई म्हणाली. ती शाळेत खेळ शिकवते. "पाय कसे टाकायचे, ते उद्या मुलींना हिच्यावरून दाखवणार होते."

मी सोडवू गेलो, तर चित्रच फाटू लागले.

"राहू द्या. पुस्तकच नेऊ का मैदानावर?"

सोवळ्यातले पुस्तक! मी क्षणभर घुटमळलो. मग म्हणालो, "ने. पण संध्याकाळच्या आत आण हो, स्तोत्र म्हणायचं आहे."

"इतकी वर्षं म्हणताय, अजून पाठ नाही?" ती हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक परतले, ते मुलींच्या बोटांचे ठसे घेऊन. उघडताच पानांतून वाळूचे चार कण देवापुढे सांडले. मी ते झटकले नाहीत. मुलींनी अक्षता वाहिल्या असे मानले आणि हात जोडले.